वाटाण्याचा दहावा पुंकेसर

नमस्कार. वाटाण्याच्या फुलावरच्या माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. सूर्यफुलाला ‘एकसंघ’ म्हणणं चूक आहे, वाटाण्यात नऊ पुंकेसर (फुलातले पराग देणारे नर अवयव) जुळलेले आणि एक सुटा, तर एकट्याचा ‘संघ’ कसा, म्हणून ‘द्विसंघ’ (पुंकेसरांचे दोन गट) हेही चूक, आणि असे जड शब्द वापरण्यापेक्षा इंग्रजी संज्ञाच देवनागरीत लिहाव्यात.

पहिला आक्षेप पूर्ण मान्य. एकसंघ म्हणजे सगळ्या पुंकेसरांचे तंतू, म्हणजे दांडे, एकमेकांना जुळून एकच गट झालेला. जास्वंदीत तसं असतं: तंतूंची नळी होते, टोकावरच्या परागांच्या पिशव्या, म्हणजे परागकोश, मात्र सुट्या राहतात. सूर्यफुलाच्या मधल्या चकतीतल्या एकेका पुष्पकात, म्हणजे बारीक फुलात, बरोबर उलट. तिथे पाचही तंतू सुटे, आणि परागकोश कडांनी चिकटून नळी झालेली. पराग त्या नळीच्या आत सांडतात आणि खालून वाढत येणारी कुक्षिवृंत (स्त्रीकेसराची दांडी) त्यांना पिचकारीच्या दट्ट्यासारखी वर ढकलते. तंतू आणि परागकोश यांतलं काय जुळलंय, हाच तर वर्गीकरणाचा मुद्दा, आणि तोच मी गमावला. लेख दुरुस्त केला आहे, तुमचे मनापासून आभार.

दुसरा आक्षेप मात्र मला पटत नाही. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७३५ साली फुलझाडांची मांडणी पुंकेसरांवरून केली. त्याच्या चोवीस वर्गांपैकी ‘डायाडेल्फिया’, म्हणजेच द्विसंघ, या नावात ‘अडेल्फोस’ हा ग्रीक शब्द आहे, अर्थ भाऊ. म्हणजे आपल्या भाषेत दोन भावक्या. एका भावकीत नऊ घरं आणि दुसरीत एकच उरलं, तरी भावक्या दोनच मोजायच्या. तो एकटा मोजला नाही, तर वाटाणा आणि त्याच्याच कुळातलं खुळखुळा हे झाड एकाच खणात पडतील. खुळखुळ्यात दहाही तंतू जुळलेले असतात, म्हणून तो एकसंघ.

आणि वाटाण्याचा हा दहावा उगाच सुटा नाही. नऊ तंतूंची नळी वरच्या बाजूने चिरलेली असते, त्या चिरेवर हा बसतो. मकरंद नळीच्या आत, तळाशी. दहाव्याच्या बुडाशी दोन्ही अंगांना बारीक फटी राहतात, आणि या कुळातल्या अशा फुलांवर येणारी मधमाशी तिथूनच जीभ आत घालते. दहावाही जुळला असता, तर ही वाट बंद झाली असती. फूल उभं चिरून भिंगाखाली ठेवा, फटी दिसतील. मी त्या पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा ‘द्विसंघ’ हा पाठ केलेला शब्द मला खरा कळला.

शब्दांच्या जडपणाबद्दल थोडंसंच. मोहरीच्या सहा पुंकेसरांपैकी चार उंच, दोन आखूड. ‘चतुरोन्नत’ म्हटलं की काय मोजायचं ते शब्दातच आलं. तुळशीच्या चारांपैकी दोन लांब, म्हणून ‘दीर्घद्वयी’. चतुरोन्नतसाठीचं इंग्रजी ‘टेट्राडायनॅमस’ हे मराठी वाचणाऱ्याला नुसतं पाठ करावं लागतं. पण जिथे मराठी शब्द फूल डोळ्यांपुढे उभं करत नाही, तिथे मी सरळ वर्णन करीन. सूर्यफुलासाठी आता ‘परागकोश जुळलेले’ एवढंच लिहिलं आहे.