बॅटरीची वायर काढून 'चेक इंजिन' बरं होत नाही

गुरुवारी धायरीहून मामांचा फोन. "अरे, गेला की डॅशबोर्डवरचा 'चेक इंजिन'चा दिवा! दहा मिनिटं बॅटरीची मायनस वायर काढून ठेवली, बास." रविवारी दुसरा फोन, खंबाटकी घाटातून: गाडी हिसके देतेय, दिवा आता लुकलुकतोय, पण फॉरवर्डमध्ये लिहिलंय की लुकलुकणं म्हणजे लूज कनेक्शन, बिनधास्त चालवा. चालवू का?

नाही! 'जुन्या गाडीचं चेक इंजिन: मेकॅनिक लपवतो त्या पाच गोष्टी' हा तो फॉरवर्ड, वायर काढायची युक्तीही त्यातलीच. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून सगळ्या नात्यागोत्यात फिरलाय.

आधी लुकलुकण्याचंच बघू. दिवा स्थिर असेल तर गाडी एक-दोन दिवसांत दाखवा. लुकलुकत असेल तर एखादा सिलिंडर नीट पेटत नाहीये, आणि तेही कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाचा धूर स्वच्छ करणारा डबा, खराब होईल इतकं. न जळलेलं पेट्रोल तसंच पुढे जातं आणि कन्व्हर्टरमध्ये जळतं. आत मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा थर. ती वितळली की नवीन कन्व्हर्टरचं बिल बघून जुनी गाडी विकावीशी वाटते. माझ्यावर विश्वास नसेल तर ग्लव्ह बॉक्समधलं हँडबुक उघडा. मामांचं बारा वर्षं प्लास्टिकच्या पिशवीतच होतं. त्यात स्वच्छ लिहिलंय: वेग कमी करा, इंजिनावर जोर देऊ नका, लगेच तपासून घ्या. मामा घाट चढत होते, तिसऱ्या गिअरमध्ये, एसी लावून.

गाडी टो करून आणली. गाडीच्या संगणकातला बिघाडाचा कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०३०२, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरचं मिसफायर. मेकॅनिकने दोन आणि तीनची इग्निशन कॉइल (पेट्रोल पेटवणाऱ्या ठिणगीला वीज देणारी) आपसात बदलली, कोड पुसला, गाडी पाच मिनिटं चालू ठेवली. आता कोड पी०३०३. कॉइलबरोबर बिघाडही तीन नंबरवर गेला, म्हणजे दोष कॉइलचाच. गुरुवारी वायर काढली नसती तर हे शुक्रवारीच कळलं असतं. वायर काढल्यावर कोड जातो, आणि कोड आला त्या क्षणी इंजिन किती गरम होतं, किती फेऱ्यांवर होतं ही नोंदही बहुतेक जाते. बरेच बिघाड सलग दोनदा दिसल्याशिवाय संगणक दिवा लावत नाही, म्हणून दोन दिवस वाटतं, बरं झालं.

'कोडमध्ये जे नाव, तोच पार्ट बदला' हा फॉरवर्डमधला दुसरा शहाणपणा किती खोटा, ते मी स्वतः पैसे देऊन शिकलोय. माझ्या २०१४ च्या गाडीला पी०१७१ आला. त्याचा अर्थ मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी, एवढाच. एका गॅरेजने ऑक्सिजन सेन्सर बदलला, आठवड्यात दिवा परत. दुसऱ्याने आकडे बघितले: आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, संगणक २२ टक्के जादा पेट्रोल ओततोय, अडीच हजार आरपीएमला फक्त ६. म्हणजे कुठूनतरी हवा चोरून आत येतेय. इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डमागे बोटभर रबरी पाइप चिरलेला निघाला.

दिवा जावा म्हणून पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट करायचा फॉरवर्डमधला सल्ला अमेरिकेतला. तिथल्या गाड्या टाकीतून वाफ गळते का हे तपासतात. आपले नियम युरोपच्या धर्तीवर, त्यामुळे आपल्या जुन्या गाड्यांत ती तपासणी सहसा नसतेच. झाकण आवळा, बिघडत काही नाही, दिवाही जात नाही.

स्वतःचा ब्लूटूथ स्कॅनर घ्या, हे मात्र बरोबर लिहिलंय, नाइलाजाने मान्य. कोड पुसून 'काम झालं' म्हणणारे मेकॅनिक आहेतच. पण ओबीडी-२, म्हणजे स्कॅनर जिच्याशी बोलतो ती गाडीतली बिघाड ओळखणारी यंत्रणा, आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून सक्तीची. त्याआधीच्या गाडीत स्कॅनर बोलेलच असं नाही.

मामांची कॉइल बदलली, दिवा गेला. कन्व्हर्टर वाचला का, ते पुढच्या महिन्यात कळेल. पी०४२०, म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा कोड, आला तर बिल फॉरवर्ड पाठवणाऱ्या काकांना ग्रुपवरच टाकणार आहे.