पेपर टाकल्यावरच का विचारता?

मागच्या शुक्रवारी कंपनीतला माझा शेवटचा दिवस झाला. लॅपटॉप, ओळखपत्र, ड्रॉवरची किल्ली जमा केली, नो-ड्यूजच्या फॉर्मवर सह्या झाल्या आणि हिंजवडीच्या नेहमीच्या ट्रॅफिकमधून घरी आले. २००६ मध्ये ट्रेनी म्हणून लागले होते. तेव्हापासून एकच कंपनी आणि बहुतेक काळ एकच प्रॉडक्ट, सहकारी बँका आणि पतसंस्थांचं बँकिंग सॉफ्टवेअर. "अचानक काय झालं?" असे मेसेज बऱ्याच जणांचे आले. अचानक काही झालेलं नाही. पण नोटीस पिरियडमध्ये जे पाहिलं, त्याबद्दल सविस्तर लिहायचंच होतं.

पेपर टाकले, म्हणजे राजीनामा दिला, आणि पुढच्या सोमवारपासून माझं कॅलेंडर केटीच्या (नॉलेज ट्रान्सफर, म्हणजे आपलं काम दुसऱ्याला समजावून देण्याच्या) मीटिंगांनी भरून गेलं. व्याज आकारणीचा हा भाग असा का लिहिलाय, दोन बँकांना वेगळं राउंडिंग का, अमुक रिपोर्ट रात्रीच का चालवायचा, असे प्रश्न एकामागून एक यायला लागले. प्रश्न चांगले होते. विचारणारी मुलंही मनापासून ऐकत होती. पण हेच प्रश्न मी तिथे रोज बसत होते तेव्हा कुणालाच का पडले नाहीत? दरवर्षीच्या अप्रेझलमध्ये माझ्याशी टार्गेटबद्दल बोलणं झालं, किती टिकेट (नोंदवलेल्या तक्रारी आणि कामं) बंद केली त्यावर बोलणं झालं, नवीन सर्टिफिकेशन कधी करणार यावरही झालं. "तुला असं काय माहीत आहे जे इथे दुसऱ्या कुणालाच माहीत नाही?" हे एकाही मॅनेजरने विचारलं नाही.

एक उदाहरण देते. आमच्या कोडमध्ये एका शाखेसाठी एक अट होती. मंगळवारी त्या शाखेचा डे-एण्ड, म्हणजे दिवसाचे व्यवहार मिटवून हिशोब बंद करण्याचं काम, इतर शाखांबरोबर आपोआप चालवायचा नाही, उशिरा चालवायचा. केटीला बसलेल्या मुलाने विचारलं, "मॅम, हे हार्डकोड केलंय, थेट कोडमध्येच लिहिलंय. क्लीनअपमध्ये काढून टाकू का?" त्याच्या जागी कुणीही हेच विचारलं असतं. त्या ओळीवरच्या कॉमेंटमध्ये, म्हणजे कोडमधल्या टिपेत, फक्त एक टिकेट नंबर होता, आणि ती टिकेट सिस्टीम कंपनीने केव्हाच बंद केलेली. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी सिस्टीम बदलली, कोड एसव्हीएनवरून गिटवर हलवला, तेव्हा जुनी हिस्टरी आणलीच नव्हती. म्हणजे ती ओळ कुणी लिहिली, कधी लिहिली, कशासाठी लिहिली, हे शोधायला मशीनवर काहीच उरलं नव्हतं.

ती शाखा सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावची आहे आणि मंगळवारी तिथे आठवडे बाजार भरतो. पिग्मी एजंट, म्हणजे लोकांकडून रोजची छोटी बचत गोळा करणारे, एरवी संध्याकाळी वेळेत शाखेत येतात, पण बाजाराच्या दिवशी अंधार पडेपर्यंत पालांवर फिरून कलेक्शन करतात. ते परत येऊन हातातलं मशीन जोडतात तोवर डे-एण्ड झालेला असला, की जमा पडते बुधवारच्या रोजकीर्दीत. खातेदाराच्या हातातल्या पावतीवर मंगळवार आणि खात्यावर बुधवार. रोज पन्नास-शंभर रुपये बाजूला टाकणारी भाजीवाली बाई ही तारीख बघते. ती शाखेत येऊन विचारते, माझे पैसे एक रात्र कुठे होते? आणि तिचा प्रश्न बरोबर असतो. तिच्यासाठी ती अट होती. मी हे सांगितल्यावर तो मुलगा क्षणभर गप्प झाला आणि मग त्याने आपणहून ते सगळं त्या ओळीच्या वर मराठीत लिहून टाकलं. नोटीस पिरियडच्या तीन महिन्यांतलं माझ्या मते सर्वांत चांगलं काम ते होतं.

पीटर नाउर या डॅनिश संगणकशास्त्रज्ञाने १९८५ मध्येच मांडलं होतं की प्रोग्रॅम म्हणजे नुसता कोड आणि कागदपत्रं नव्हेत. तो लिहिणाऱ्यांच्या मनात जी समज तयार झालेली असते, ती खरी वस्तू, आणि ती माणसं पांगली की कोड चालू असला तरी प्रोग्रॅम मेलेला असतो. नाउरना पुढे २००५ चं ट्युरिंग अवॉर्ड, संगणकशास्त्रातला सर्वांत मानाचा पुरस्कार, मिळालं. म्हणजे ही काही माझ्यासारख्या बाईने निघताना काढलेली कुरकुर नाही, आपल्या धंद्यात चाळीस वर्षं माहीत असलेली गोष्ट आहे. तरी आपण काय करतो, तर माणूस निघाला की शेवटच्या काही आठवड्यांत स्क्रीन रेकॉर्ड करून ठेवतो. त्या रेकॉर्डिंगा पुढे कुणी उघडत नाही.

हल्ली यावर एक उत्तर तयार असतं, एआय वाचेल जुना कोड. मी ती टूल्स रोज वापरली आहेत आणि ती उपयोगाची आहेत याबद्दल शंका नाही. ही अट मंगळवारी डे-एण्ड थांबवते, हे ते टूल एका सेकंदात सांगेल. त्या गावात मंगळवारी बाजार असतो हे त्याला सांगणार कोण?

आता दुसऱ्या एका वाक्याबद्दल. "इतकी वर्षं एकाच कंपनीत? अडकलीस गं." हे मला कॉलेजच्या मैत्रिणींनी सांगितलं, इंटरव्ह्यू घेणाऱ्यांनी सुचवलं, घरातल्यांनीही काळजीने म्हटलं. मला ते मान्य नाही. दर दोन वर्षांनी कंपनी बदलून पगार वाढतो हे खरं, आणि ज्यांना घराचे हप्ते आहेत, गावी आईवडील आहेत, त्यांनी तसं जरूर करावं. पण काही गोष्टी एका जागी राहिल्याशिवाय कळतच नाहीत.

८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र घ्या. पाचशे आणि हजारच्या नोटा बंद झाल्या. ९ तारखेला बँका ग्राहकांसाठी बंद होत्या, १० ला उघडायच्या होत्या. मधल्या वेळात आमच्या कॅश मॉड्यूलमध्ये दोन हजारच्या नोटेचा रकाना घालायचा होता आणि जुन्या नोटांचा भरणा वेगळा दिसायला हवा होता. काउंटरवरून दिवसाला दहा हजार आणि आठवड्याला वीस हजार ही काढण्याची मर्यादा बसवायची होती. नोटा बदलून देण्याची मर्यादा आधी चार हजार, मग साडेचार हजार, मग दोन हजार झाली, तीही दहा-बारा दिवसांच्या आत. १४ नोव्हेंबरला जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा घेण्याची बंदी आली आणि ज्या पतसंस्थांची खाती तिथे होती त्यांचे फोन सुरू झाले. कोणती बँक काय करते, कुणाच्या शाखेत एकच कॅशियर आहे, कुठे दुपारी वीज जाते, हे ज्यांना पाठ होतं ती माणसं त्या आठवड्यात कामाला आली. नुसती प्रोग्रॅमिंगची लँग्वेज येऊन भागलं नसतं.

किंवा १६ डिसेंबर २०१९. एनईएफटी, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत ऑनलाइन पैसे पाठवण्याची सोय, चोवीस तास सुरू झाली. बातमीत ते एका ओळीत संपलं. पण रविवारी आणि मध्यरात्री पैसे यायला लागले तर ते कुठल्या तारखेच्या वहीत घ्यायचे, डे-एण्ड चालू असताना नोंद आली तर तिचं काय करायचं, तेरीज (सगळ्या खात्यांच्या जमा-नावेचा ताळा) कशी जुळवायची, हे सगळं नव्याने बसवावं लागलं. शाखेत संध्याकाळी वही मिटते या गोष्टीवर आमचं निम्मं सॉफ्टवेअर उभं होतं. मी माझ्या कामातलं सर्वांत जास्त त्या महिन्यांत शिकले.

मग नोकरी सोडली का? कारण गेल्या काही वर्षांत प्रॉडक्टबद्दलचे निर्णय अशा खोल्यांमध्ये व्हायला लागले, जिथे सहकारी बँकेच्या शाखेत एक अख्खा दिवस कधीही न बसलेली माणसं होती. आम्ही पूर्वी वर्षातून दोनदा शाखांमध्ये जायचो, काउंटरच्या आत खुर्ची टाकून बसायचो. तो खर्च कापला गेला. त्याजागी डॅशबोर्ड, म्हणजे स्क्रीनवरचे आकडे आणि आलेख, आला. मी हे लेखी मांडलं, तोंडी मांडलं, दर वर्षी मांडलं. ऐकून घेतलं गेलं आणि पुढे काही झालं नाही. माझ्या नव्या कामात महिन्यातले काही दिवस शाखांमध्ये जायचं आहे. पगार फारसा वाढलेला नाही. मला हे काम जवळून करायचं आहे, म्हणून मी निघाले.

ही बेइमानी आहे असं ज्यांना वाटतं त्यांना एवढंच सांगते की इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली, ती पटनी कॉम्प्युटर्समधून बाहेर पडलेल्या माणसांनी सुरू केली. बाहेर पडणं हे या धंद्याच्या मुळातच आहे.

नव्वद दिवसांच्या नोटीस पिरियडबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. कंपन्या म्हणतात केटीसाठी वेळ लागतो म्हणून नव्वद दिवस. त्याच कंपन्या भरतीच्या जाहिरातीत 'इमीजिएट जॉइनर हवा' असं लिहितात. नव्वद दिवसांत मी मनापासून बसून सगळं सांगितलं, तरी जे सांगण्यासारखं होतं त्यातलं थोडंच सांगून झालं. कारण बरंचसं असं असतं की प्रसंग आल्याशिवाय आठवतच नाही. मार्चएण्डची अडचण जुलैमध्ये बसून कशी सांगणार? त्यापेक्षा ज्या दिवशी अडचण सुटली त्याच दिवशी अर्धा तास काढून ती लिहून ठेवायची, आणि तो अर्धा तास टाइमशीटमध्ये काम म्हणून धरायचा. मग तीस दिवसांची नोटीसही पुरेल. टाइमशीटमध्ये अशा लिहिण्याच्या वेळेसाठी रकानाच नाही म्हणून माणसं लिहीत नाहीत, आळशी आहेत म्हणून नाही.

आणि जे कंपनीला लागू, तेच आपल्यालाही. मी गेल्या तीन महिन्यांत घरासाठी जे शोधत बसले, ते नोकरीत असतानाच विचारून ठेवायची पद्धत हवी. सर्वांत मोठी गोष्ट आईवडिलांच्या मेडिक्लेमची. बाबांना काही वर्षांपूर्वी स्टेंट बसला, तो कंपनीच्या ग्रुप पॉलिसीतून. ते कव्हर साधारणपणे आपल्या शेवटच्या दिवसाबरोबर संपतं. सत्तरी ओलांडलेल्या हृदयरुग्णाला नवी वैयक्तिक पॉलिसी मिळणं किती अवघड आहे, हे फोन करायला बसल्यावर कळतं. ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय आहे, त्यात जुन्या आजारांसाठी जो थांबण्याचा काळ (वेटिंग पिरियड) असतो, त्यातला आधीच काढलेला काळ धरला जातो. पण अर्ज कव्हर चालू असताना, वेळेत करावा लागतो, आणि आपल्या एचआरला ही सोय माहीत असेलच असं नाही. पेपर टाकायच्या आधी ही चौकशी करा. नोकरी बदलायचा विचारही नसेल तरी करा, कारण कधीकधी कंपनीच आपल्याला जायला सांगते.

ग्रॅच्युइटीचा हिशोब तर पंधरा-पंधरा वर्षं काम केलेल्यांनाही सांगता येत नाही. शेवटचा महिन्याचा मूळ पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. मूळ पगार साठ हजार आणि नोकरी १८ वर्षांची असेल तर सुमारे ६ लाख २३ हजार. हा १९७२ च्या कायद्यातला हिशोब. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यात वेतनाची व्याख्या बदलली आहे. भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरायचा आहे. राजीनामा दिलेल्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकतं करायचं, हेही त्यात आहे. आजवर 'फुल अँड फायनल'साठी पंचेचाळीस दिवस थांबायची आपल्याला इतकी सवय झाली आहे की हे विचारायचं सुचतही नाही. विचारा. पीएफ काढून टाकू नका, नव्या खात्यात वळवा, कारण ईपीएसमध्ये (पीएफसोबतच्या पेन्शन योजनेत) दहा वर्षं पूर्ण झाली की ५८ व्या वर्षापासून पेन्शनचा हक्क मिळतो. आणि नॉमिनेशन लग्नाआधीचंच राहिलंय का, ते आज रात्री बसून बघा.

शुक्रवारी दुपारी एका पतसंस्थेच्या मॅनेजरसाहेबांचा फोन आला होता. "मॅडम, तुम्ही चाललात म्हणे. आता आमचं मार्चएण्ड कोण बघणार?" मी त्यांना केटी घेतलेल्या त्या मुलाचं नाव सांगितलं आणि एक विनंती केली, त्याला एकदा मंगळवारी तुमच्याकडे बोलवा, बाजार बघू दे. ते लगेच हो म्हणाले. कंपनी त्याला प्रवासखर्च देईल की नाही माहीत नाही, म्हणून मी निघायच्या आधी त्याच्या मॅनेजरला तसा मेलही टाकला.

माझ्या यादीत बरेच जण एकाच कंपनीत दहा-पंधरा वर्षं काढलेले आहेत. तुमच्याकडे कामाचं 'का' लिहून ठेवायची काही चांगली पद्धत असेल तर कॉमेंटमध्ये सांगा. ज्यांनी आईवडिलांची ग्रुप पॉलिसी वैयक्तिक पॉलिसीत वळवली आहे त्यांनी तर नक्कीच लिहा, किती दिवस लागले आणि कुठली कागदपत्रं मागितली ते. बाबांचा अर्ज सध्या विमा कंपनीकडे आहे, उत्तर आलं की मीही इथेच कळवते.