उभ्या गाडीच्या नुकसानीला सरकारी ५० हजार मिळत नाहीत

‘पार्क केलेल्या गाडीला ठोकून कोणी पळाला, तर एफआयआरची प्रत जोडा, सरकार ५० हजार देते,’ असा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ मधली हिट अँड रनची मदत फक्त माणसांसाठी आहे: मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार. पत्र्याला काहीच नाही.

गाडीचा खर्च विम्यातूनच निघतो, तोही स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून देणारी पॉलिसी असेल तर. नुसत्या थर्ड पार्टीवर, म्हणजे फक्त दुसऱ्याचे नुकसान भरून देणाऱ्या विम्यावर, नाही. आधी गाडी न हलवता फोटो काढा. ओरखड्यात अडकलेला समोरच्या गाडीचा रंग जवळून टिपा आणि पुसू नका. सीसीटीव्हीचे चित्रण त्याच दिवशी मागा, कारण जुने आपोआप पुसले जाते. पोलिसांत नोंद करा, विमा कंपनीला लगेच कळवा. विमा कंपनीचा सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) येण्याआधी डेंटिंग केले, तर क्लेम अडकतो. किरकोळ ओरखड्याला मात्र क्लेम टाळलेलाच बरा, नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो.

ठोकून पळालेल्या गाडीचा नंबर मिळाला, तर एमपरिवहन ॲपवर त्या गाडीची विमा कंपनी दिसते. मग चालकाच्या थर्ड पार्टी विम्यातून भरपाईसाठी सहा महिन्यांच्या आत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करता येतो.

५० हजारांचा तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. त्याच्या भरवशावर लोक विमा कंपनीला कळवायचे राहतात.