बावनकशी आणि बावीस कॅरट

मुलीच्या लग्नाचे सोने सांगलीच्या सराफ कट्ट्यावरच घ्यायचे, यावर आमच्या घरात एकमत होते. थोरल्या आत्यांना सोबत न्यावे की नेऊ नये, हे ठरवण्याचा अधिकार मात्र आत्यांचाच असल्यामुळे त्या आल्या.

काउंटरवरच्या मुलाने मखमलीवर ठुशी मांडली आणि "बावीस कॅरट आहे, आजी," असे अभिमानाने सांगितले. आत्यांनी ठुशीकडे न पाहता बावनकशी दाखवायला सांगितले. कॅरट चोवीसच्या वर जातच नाही, असे त्याने नम्रपणे सांगताच आत्या माझ्याकडे वळल्या. "बघ रे! बावन्न मागितलं तर हा चोवीसच्या गोष्टी सांगतोय, देतोय बावीस, आणि शिक्का मारलाय नऊशे सोळाचा!"

हे निस्तरण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. शुद्ध सोने म्हणजे 24 पैकी 24 भाग सोने, बावीस कॅरटमध्ये त्यातले 22 सोन्याचे आणि उरलेले दोन तांबे-चांदीसारख्या धातूंचे, म्हणून हजारात 916 भाग सोने; निव्वळ सोने इतके मऊ असते की त्यात ठुशीचे नाजूक काम टिकणार नाही, एवढे सगळे मी सांगितले. आत्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि घडणावळ त्या दोन भागांवरही लावणार का, असे मुलाला विचारले. मुलगा मालकांना बोलावून आणतो म्हणाला.

आत्यांचा कॅरट या शब्दावरचा राग जुना आहे. 1963 साली मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि 14 कॅरटहून अधिक शुद्ध सोन्याचे दागिने घडवण्यास बंदी झाली. नेमके त्याच सुमारास आत्यांचे लग्न ठरले होते. मंगळसूत्राच्या वाट्या चौदा कॅरटच्या मिळाल्या, तेव्हापासून कॅरट म्हणजे सरकारमान्य भेसळ, ही त्यांची व्याख्या कायम आहे.

मालकांनी येऊन भिंग दिले. त्यातून मी हॉलमार्कची खूण आणि 1 एप्रिल 2023 पासून विक्रीला सक्तीचा झालेला सहा अक्षर-अंकांचा क्रमांक मोठ्याने वाचून दाखवला. आत्यांचा चेहरा जरा निवळतो न निवळतो, तोच मुलीने हळूच एक अंगठी पुढे सरकवली. "बाबा, अर्धा कॅरट आहे."

"अर्धा?" आत्यांचा हात कपाळाकडे गेला. मी घाईघाईने सांगितले, की सोन्याचा कॅरट शुद्धतेचा आणि हिऱ्याचा कॅरट वजनाचा, एक कॅरट म्हणजे 200 मिलिग्रॅम. माझी मघाची सगळी शिकवणी या एका वाक्याने वाया गेली, हे मला बोलता बोलताच कळत होते.

"गुंजेत सांग."

गुंज साधारण 120 मिलिग्रॅमची. अर्धा कॅरट गुंजभरही होत नव्हता. आत्यांनी किमतीची चिठ्ठी उलटून पाहिली, अंगठी दोन बोटांनी उचलून जागच्या जागी ठेवली आणि ठुशीला आणखी चार मणी वाढवले तर वजन किती गुंजा वाढेल, असे मालकांना विचारले. मालक कॅल्क्युलेटर शोधू लागले.