म्युनिकच्या कपाटातला कडुनिंब

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या भावंडांच्या ग्रुपवर परवा आतेभावानं एक फॉरवर्ड टाकला. ‘कडुनिंब आपला, गोमूत्र आपलं, दशपर्णी आपली. मग सरकारचा परवाना कशाला?’ दशपर्णी म्हणजे दहा झाडांच्या पाल्याचा, किडीवर फवारायचा अर्क. खाली धडाधड अंगठे. मला राहवलं नाही. लिहिलं, ‘स्वतःच्या शेतात फवारायला नाही लागत रे. बाटलीत भरून विकायला लागतो, आणि लागावाच.’ त्याचं उत्तर आलं, ‘भिया, म्युनिकमधे बसून शेती शिकवू नको.’ भिया म्हणजे भैया; इंदूरचा माणूस सख्ख्या मामेबहिणीलाही भिया म्हणतो. इथे हे कुणाला सांगणार?

शेती तो करतो, हे खरंच. इंदूरजवळ सांवेरच्या बाजूला त्याची अठरा बिघे सोयाबीन असते. माझी शेती म्हणजे एस-बानच्या, इथल्या लोकलच्या रुळांलगतचा श्रेबरगार्टनचा, म्हणजे भाड्यानं मिळणाऱ्या बागेचा तुकडा. त्यात बटाट्याचे चार वाफे, आणि मे संपता संपता त्यांच्यावर कोलोराडो भुंगेऱ्याच्या नारिंगी अळ्या.

औषध आणायला बाउमार्क्टमधे, म्हणजे घरदुरुस्ती-बागकामाच्या मोठ्या दुकानात गेले. कडुनिंबाची बाटली कुलूपबंद कपाटात. विक्रेतीनं किल्ली आणली, पण बाटली हातात देण्याआधी दहा मिनिटं शिकवणी घेतली. संध्याकाळी फवारा, उन्हात नको, पान खालूनही भिजलं पाहिजे. मग प्रेमानं विचारलं, ‘नीम हे झाड ऐकलंय का तुम्ही?’ ज्या झाडाखाली माझ्या गोधड्या वाळल्या, त्याच्याबद्दल! मी ‘हो, थोडंसं’ म्हटलं. राग आला होता, पण खरं सांगायचं तर तिनं सांगितलेलं मला काहीच माहीत नव्हतं. आम्ही कडुनिंब चावायचो, गव्हाच्या कोठीत पानं घालायचो, कांजिण्यांत उशाशी ठेवायचो. तो काम कसा करतो, हे घरात कुणी विचारलं नाही.

फवारल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर अळ्या तशाच पानावर. फसवलं म्हटलं. तिसऱ्या दिवशी नीट वाकून पाहिलं. पानांची भोकं होती तेवढीच. अळ्या बसल्या होत्या, पण खात नव्हत्या. एक कात टाकताना अर्ध्यावर अडकली होती, जुनी कातडी शेपटाशी गोळा झालेली. निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन हेच करतं. आधी भूक घालवतं, मग वाढीच्या संप्रेरकांत घोळ घालून कात टाकू देत नाही. इंग्लंडमधे १९६८ साली ते वेगळं काढलं. प्रयोगशाळेत शून्यापासून घडवायला केंब्रिजच्या चमूला २२ वर्षं लागली, २००७ साली जमलं. इतका गुंतागुंतीचा रेणू कारखान्यात स्वस्तात होत नाही, म्हणून आजही निंबोळ्याच गोळा कराव्या लागतात. त्या झाडागणिक वेगळ्या. माळव्यात त्या गळतात नेमक्या पहिल्या पावसाच्या सुमारास, भिजल्या की बुरशी. शिवाय अर्क उन्हात लवकर विरतो, जे जमिनीला बरं आणि दुकानदाराला वाईट. टिकाऊ करायचा पण फार टिकू द्यायचा नाही, आणि प्रत्येक बाटली सारखी उतरली पाहिजे. परवाना मागतो तो याचा हिशोब.

भाऊ म्हणतो, ‘अमेरिकेनं तर आपला कडुनिंब चोरला होता!’ ते पेटंट १९९४ साली इथेच, म्युनिकच्या युरोपियन पेटंट ऑफिसनं दिलं होतं. अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी, कडुनिंबाच्या तेलानं बुरशी रोखण्याबद्दल. इथेच ते २००० साली रद्द झालं आणि ८ मार्च २००५ रोजी अपीलही फेटाळलं. ईझार नदीच्या काठच्या त्या काळ्या इमारतीवरून मी सायकलनं जाते आणि दरवेळी उगाच मान ताठ होते. पण तिथे कामी आली ती एका भारतीय उत्पादकाची साक्ष. त्यानं पेटंटाआधीच असा अर्क शेतांवर वापरून पाहिला होता. ‘आपलं आहे’ एवढ्यानं भागलं नाही, ‘आम्ही करून पाहिलंय’ हे दाखवावं लागलं.

आणि नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हे कुणी ठरवलं? दशपर्णीत बऱ्याच ठिकाणी कण्हेराची पानं घालतात. कण्हेर माणसाचं हृदय बंद पाडू शकतो. रोटेनोन हे कीटकनाशक झाडांच्या मुळांतूनच निघतं, युरोपात सेंद्रिय शेतीतही चालायचं. उंदरांत त्यानं पार्किन्सनसारखी लक्षणं दिसली. आता इथे बंद आहे. इंदूरकरांना तर मोजून-मापून काम करण्याचा वारसा आहे. होळकरांनी दिलेल्या जमिनीवर १९२४ ते १९३१ अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञानं कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली. शेतकऱ्यांकडून शिकला, पण थर, पाणी, दिवस सगळं मोजून. माझ्या शेजारच्या वाफ्यावरच्या म्हाताऱ्या जर्मन बाईला इंदूर एवढ्यासाठीच ठाऊक. पोहे-जलेबी नाही, सराफ्यातली रात्रीची खाऊगल्ली नाही. खत!

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. भावानं एकच ओळ टाकली, ‘तुमच्याकडे बंदी असलेली औषधं तुमच्याच कंपन्या आम्हाला विकतात, त्याचं बोल.’ हे खरं आहे. कीटकनाशकं निम्म्यावर आणायचा युरोपचा कायद्याचा मसुदा शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर रस्त्यावर उतरल्यावर फेब्रुवारी २०२४ मधे मागे घेतला, हेही खरं. मी त्यातल्या कशालाच उत्तर दिलं नाही.

त्याऐवजी एक वाईट गोष्ट केली. मागच्या पावसाळ्यात त्यानं मंडीजवळच्या एका दुकानातून ‘शंभर टक्के जैविक’ लिहिलेली बाटली आणली होती. सकाळी फवारली, दुपारी अळ्यांचा सडा. खूश झाला. संध्याकाळी उलट्या, डोकं गरगरलं, रात्री दोन सलाइन. चार तासांत अळ्या पाडणारा कडुनिंब नसतोच, त्यात काहीतरी मिसळलेलं असणार. हे त्यानं एकट्या मला सांगितलं होतं, घरी कळू देऊ नको म्हणून. मी ग्रुपवर लिहून मोकळी झाले. वाद जिंकायला.

ग्रुप गप्प झाला. दुसऱ्या दिवशी आत्याचा फोन. रडत नव्हती, नुसतं म्हणाली, ‘तुला सांगितलं त्यानं, मला नाही.’ मी सतरा वर्षं इथे आहे. ‘आपल्याकडे’ म्हणते तेव्हा कुठलं घर धरून म्हणते, हे त्या फोननंतर मलाच सांगता येईना. आपल्याकडे कपाटाला कुलूप असतं. आपल्याकडे निंबोळ्या गळतात. दोन्ही मीच म्हणते.

पाचव्या दिवशी त्याचा मेसेज आला, ग्रुपवर नाही, मला. गच्चीवर पसरलेल्या निंबोळ्यांचा फोटो, कडेला आत्याची चप्पल. खाली विचारलं होतं, ‘तुझ्या बाटलीवर अझाडिरॅक्टिन किती टक्के लिहिलंय?’

चष्मा लावून वाचलं. एक टक्का. लेबलाचा फोटोही पाठवला, लहान मुलांपासून दूर ठेवा या ओळीसकट.

‘आणि पाडव्याला काय खाल्लंस?’

‘गूळ-ओवा’, मी लिहिलं.