घडीच्या कयाकचा सांगाडा लाकडी का असावा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मालवणच्या खाडीत स्वतः कयाक चालवणाऱ्या माणसाने वेळ काढून एवढं सविस्तर लिहिलं, त्याबद्दल आधी आभार. बाकीच्या वाचकांसाठी तुमचा आक्षेप थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी क्लेपर या जर्मन कंपनीच्या घडीच्या कयाकच्या, म्हणजे सुटी करून पिशवीत भरता येणाऱ्या वल्ह्याच्या होडीच्या, लाकडी सांगाड्याचं कौतुक केलं, ते तुम्हाला जुन्याचं वेड वाटतं. ॲल्युमिनियम हलकं आणि कुजत नाही, पीव्हीसी स्वस्त, पॉलिप्रॉपिलीनच्या तर नुसत्या शीटला घड्या घातल्या की होडी तयार. मग कोकणच्या पावसात लाकूड सांभाळत कोण बसणार? शिवाय ओस्कार श्पेक हा जर्मन माणूस घडीच्या कयाकमधून १९३२ साली जर्मनीतल्या उल्महून निघाला आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्याने पुढे ऑस्ट्रेलियाकडे गेला, तेव्हा त्यालाही वाटेत नव्या होड्या मागवाव्या लागल्या, याची तुम्ही आठवण करून दिलीत.

श्पेकचं उदाहरण मोलाचं आहे. पण त्याच्या काळातली खोळ, म्हणजे सांगाड्यावर चढवायचं बाहेरचं आवरण, रबर चढवलेल्या कापडाची असे. ऊन आणि खारं पाणी तिला किती दिवस टिकू देणार? खोळीच्या बाबतीत आज आपण फार पुढे आलो आहोत, यावर आपलं एकमतच आहे. मात्र पीव्हीसी की हायपेलॉन (एक कृत्रिम रबर), हा वाद वरच्या लेपापुरताच असतो. ताण सोसतं ते आतलं कापड. नायलॉन पाणी पिऊन सैल पडतं, पॉलिएस्टर जवळपास तसंच राहतं. लेपाचं म्हणाल तर पीव्हीसीला मऊ ठेवणारं द्रव्य वर्षानुवर्षं हळूहळू निघून जातं आणि कापड ताठर होतं. हायपेलॉन उन्हाला जास्त दाद देत नाही, पण महाग पडतं. ड्यूपाँ या अमेरिकन कंपनीने २०१० मध्ये त्याचं उत्पादन थांबवलं. त्याच जातीचं रबर इतर कारखाने बनवतात, त्यामुळे माल मिळतो. तुमच्या बजेटमध्ये पॉलिएस्टरवरचं चांगलं पीव्हीसी बसत असेल तर खुशाल घ्या.

सांगाड्यावर मात्र मी ठाम आहे. कोणतंही साहित्य मी एकाच प्रश्नावर तोलतो: ते मोडतं कसं, आणि मोडल्यावर किनाऱ्यावर बसून मला ते जोडता येतं का? पॉलिप्रॉपिलीनची घडी फाटली तर त्यावर साधा गोंद धरत नाही, टेप लावून घरी यायचं. ॲल्युमिनियमची नळी वाकली की सरळ करताना त्याच जागी तुटण्याची भीती. लाकडी सांगाड्यातली ॲशची (ॲश हे युरोपातलं चिवट लाकूड) लांब पट्टी चिरली तर दोन्ही बाजूंनी काठीचे तुकडे लावून घट्ट बांधा, होडी पुढे चालते.

आणि ॲल्युमिनियम कुजत नाही म्हणता, पण खाऱ्या पाण्यात ते गप्प बसत नाही. नळीत नळी सरकते त्या सांध्यात मीठ अडकतं. त्यात स्टीलचा रिव्हेट असेल तर झीज आणखी वाढते. काही दिवसांनी तिथे पांढरी भुकटी धरते आणि नळ्या एकमेकींत अशा आवळतात की दोघांनी दोन्हीकडून पिळल्या तरी सुटत नाहीत. घडीची होडी मग उघडीच राहते! त्यामुळे प्रत्येक फेरीनंतर सगळे सांधे सोडवून गोड्या पाण्याने धुणं ॲल्युमिनियमवाल्यांनाही चुकत नाही.

लाकूड कुजतं, हे खरंच. पण कुजवणारी बुरशी लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली असेल तर वाढत नाही. मीठही तिला फारसं मानवत नाही. लाकडाचा घात होतो तो ओला सांगाडा तसाच पिशवीत भरून ठेवल्याने. माझ्या होडीत फासळीची पितळी क्लिप पट्टीवर घासते, तिथलं वार्निश सगळ्यात आधी जातं. नखाएवढा डाग आधी राखाडी, मग काळा होतो. तेवढ्यावर सँडपेपर मारून वार्निशचे दोन हात दिले की काम झालं. पावसाळ्याचे चार महिने घरात हवेशीर जागा मिळत नसेल तर मात्र लाकडाच्या वाटेला जाऊ नका, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे.

सांगाडा लाटेवर लवतो म्हणजे श्रम वाया जातात, असंही तुम्ही लिहिलंत. शांत पाण्यात कडक होडी पळते, नाकारत नाही. उसळत्या समुद्रात प्रत्येक दणका कुठेतरी जिरावा लागतो. आपल्याकडे कुऱ्हाडीला बाभळीचा दांडा लावतात, तसा युरोपात अवजारांना ॲशचा, कारण तो धक्का पचवतो. १९५६ साली जर्मन डॉक्टर हान्नेस लिंडेमान कॅनरी बेटांवरून निघून ७२ दिवसांत अटलांटिक ओलांडून गेले, ते दुकानात मिळणाऱ्या दोनआसनी क्लेपरमध्ये. होडी उलटली, पण लाकडी सांगाड्याने त्यांना पैलतीराला नेलं.

वजनात तुमचीच बाजू वरचढ. दोनआसनी क्लेपर तीस किलोच्या घरात जाते आणि ती एकट्याने जिन्यावरून उतरवणं जिवावर येतं.

तुमच्या होडीच्या खोळीत आतलं कापड कोणतं आहे, आणि सांध्यांना तुम्ही ग्रीस लावता की मेण, तेवढं कळवा. उष्ण, खाऱ्या पाण्यात काय टिकतं याचा तुमचा अनुभव मला हवा आहे.