पोस्टडॉक फक्त आयआयटीवाल्यांनाच मिळतो हे साफ चुकीचं आहे

जळगाव-धुळे-नंदुरबारच्या पीएचडीवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, की पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं ठरावीक काळाचं पगारी रिसर्चचं काम) आयआयटीवाल्यांनाच मिळतो, वर ओळख लागते, आर्ट्सवाल्यांनी नाद सोडावा, नाहीतर एजंटला पैसे द्या, तो लावून देईल. हे वाचून आपली पोरं-पोरी अर्जच करत नाहीयेत, म्हणून लिहितोय.

आधी आयआयटीचं. युरोपातली मारी क्युरी फेलोशिप बघा, पीएचडी कुठून केली याची अटच नाही, देशाची पण नाही. पीएचडीनंतरचा रिसर्चचा अनुभव ८ वर्षांच्या आत हवा, आणि ज्या देशात जायचंय तिथे मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नको, जी अट आपल्याकडच्या बहुतेकांना आडवी येतच नाही. वायवा (पीएचडीची शेवटची तोंडी परीक्षा) पार पडला असेल तर डिग्री हातात नसली तरी चालतं. आणि भारतातच राहायचं असेल तर सायन्स-इंजिनिअरिंगवाल्यांना नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप आहे, आधी एसईआरबी या सरकारी संस्थेची होती, आता तिच्या जागी आलेल्या एएनआरएफकडे गेलीये, वयाची मर्यादा ३५, महिला आणि एससी-एसटी-ओबीसींना ५ वर्षं सूट.

आता ओळख. खरा घोळ इथेच आहे. लोक एकाच दिवशी पन्नास प्रोफेसरांना तोच मेल टाकतात, "रिस्पेक्टेड सर, आय ॲम हार्डवर्किंग, प्लीज गिव्ह मी चान्स", याला कोण उत्तर देणार? आमच्याकडे केळीच्या खोडाच्या धाग्यावर पीएचडी केलेल्या एका मुलीने एकाच प्रोफेसरला लिहिलं, की तुमच्या पेपरमधली धागा मऊ करायची पद्धत मी आमच्या धाग्यावर करून पाहिली, ताकद कमी झाली, मला वाटतं कारण हे असावं, तुमच्याकडे येऊन तपासता येईल का. सहा-सात ओळी, सोबत दोन पानांचा सीव्ही. प्रोफेसरकडे पगाराला पैसे नव्हते पण ते होस्ट व्हायला, म्हणजे आपल्या लॅबमध्ये जागा द्यायला तयार झाले, आणि फेलोशिपला नेमकं तेच लागतं, पैसे फेलोशिप देते. यात ओळख कुठे होती सांगा.

आर्ट्सवाल्यांना नाही हे तर सपशेल खोटं. आयसीएसएसआर या सोशल सायन्सच्या सरकारी संस्थेची पोस्टडॉक्टरल फेलोशिप त्याच विषयांसाठी आहे, शिमल्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ ॲडव्हान्स्ड स्टडीमध्ये ह्युमॅनिटीजवाल्यांना फेलोशिप मिळते, जर्मनीची हम्बोल्ट आणि मारी क्युरी सगळ्या विषयांना खुल्या आहेत. धुळ्याच्या राजवाडे मंडळातली जुनी कागदपत्रं, अहिराणी, सातपुड्यातले भिल्ल-पावरा, यावर काम करणाऱ्या माणसाकडे जे मटेरियल आहे ते बाहेरच्या किती जणांकडे असेल? फक्त प्रपोजलमध्ये प्रश्न नीट मांडा, नुसता विषय नको.

आणि एजंटला एक रुपया देऊ नका. मारी क्युरी, हम्बोल्टला अर्जाची फी नाही. जाहिराती युरॅक्सेस या युरोपातल्या रिसर्चच्या नोकऱ्यांच्या साईटवर फुकट दिसतात. मारी क्युरीची मुदत साधारण सप्टेंबरात संपते, पण होस्टसोबत बसून प्रपोजल लिहायला दोन-तीन महिने सहज जातात, म्हणून पहिला मेल मार्च-एप्रिलमध्येच गेला पाहिजे.